तीन वर्षं ‘सेवक’

मुलांना चांगले शिक्षक मिळावेत, असं कोणाला वाटत नाही? पण त्या शिक्षकाच्या हातावर पहिल्या महिन्यात आपण काय ठेवतो, हे विचारलं की सगळे गप्प.

महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. आज एखादी मुलगी डी.एड. करते, टीईटी पास होते, भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीत गुण मिळवते. तरी पहिली तीन वर्षं ती शिक्षिका नाही. वर्ग तोच, पुस्तकं तीच, जबाबदारीही तीच. फक्त पगाराऐवजी मानधन.

प्राथमिक शाळेत हे मानधन वर्षानुवर्षं ६,००० रुपये होतं. दिवसाला दोनशे. उच्च न्यायालयाने सुनावल्यावर २०२३ पासून ते १६,००० झालं.

सोळा हजारांत परक्या जिल्ह्यात खोलीचं भाडं भरा, गाडीत पेट्रोल टाका आणि घरीही पैसे पाठवा. जमतंय?

एकेकाळी बारावीला उत्तम गुण मिळवणारी गावाकडची मुलं डी.एड.च्या प्रवेशासाठी धडपडायची. आता कितीतरी अध्यापक विद्यालयांना कुलपं लागली. मुलांची हुशारी कमी झालेली नाही. त्यांनी हिशेब केला, इतकंच.

भरतीची वाटही लांबच. अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पुढची थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. पाच वर्षं कोण थांबेल? आणि घरच्यांना सांगेल तरी काय?

बरं, जो आला त्याला शिकवू तरी देतो का? जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम लावू नका, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. तरीही खिचडीच्या तांदळाचा हिशेब त्याच्याकडे. शाळेची यू-डायस पोर्टलवरची माहिती त्याच्याकडे. मुलांच्या आधारची दुरुस्तीही त्याच्याकडेच. दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी तालुक्याला कागद घेऊन गेले, की दुसऱ्यांच्या पुढ्यात चार इयत्ता.

फळ्यावर लिहायचं कधी?

आता कोकण पाहा. २०२३ मध्ये रत्नागिरीतून शेकडो शिक्षक आंतरजिल्हा बदलीने एकदम गेले आणि शाळा उघड्या पडल्या. त्यांच्यावर कसला राग काढायचा? म्हातारे आईवडील दुसऱ्या टोकाला, बायकोची नोकरी तिसऱ्याच गावात. घरी जावंसं वाटणारच. चूक कार्यमुक्तीचा आदेश काढणाऱ्यांची. नवा माणूस हजर होण्याआधी जुन्याला सोडलंच कसं? वाडीवरच्या पोरांना दुसरी शाळा कुठे आहे?

पुढच्या भरतीच्या जाहिरातीतून ‘सेवक’ हा शब्द खोडा. पहिल्या महिन्यापासून शिक्षकाची पूर्ण वेतनश्रेणी द्या.

गुणवत्तेच्या गप्पा त्यानंतर मारू.