घाटसायकलस्वार

घाटसायकलस्वार हा मूळचा पुण्यामुंबईकडचा, पण अलीकडे महाड-पोलादपुरातही तयार होऊ लागलेला गृहस्थ आहे. वय पस्तीस ते पंचावन्न, नोकरी दिवसभर बसून करण्याची, आणि रविवार बसून घालवायचा नाही ही प्रतिज्ञा. (सायकलीवरही तो बसलेलाच असतो, बैठक तेवढी अरुंद असते.) महाडहून पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर, तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४०, आणि आल्या वाटेने परत, हा त्याचा आवडता दिवस. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट वरचेवर बंद पडतो आणि मे महिन्यात महाडची हवा अंगाला चिकटते. म्हणून त्याचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो.

जे मोजले नाही ते घडलेच नाही, ही त्याची श्रद्धा. हँडलवरचे छोटे यंत्र वेग, चढ, नाडीचे ठोके आणि पायांतून किती वॅट निघाले तेही सांगते. चहाला थांबताना तो ते बंद करतो, कारण चहाची दहा मिनिटे हिशेबात आली तर सरासरी वेग पडतो. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा नियम आहे. घाटसायकलस्वार कोणत्याही शर्यतीत नसतो, तरीही या आकड्याच्या जवळ जाण्यासाठी बाटलीची जाळी कार्बनची घेतो आणि मग पाठीच्या खिशात सहा केळी, दोन ट्यूब, पंप, पॉवरबँक व शेंगदाण्याची चिक्की भरतो.

पोलादपूरला उजाडते. इथे दुसरी ओळखीची खूण दिसते: टपरीवर पाच रुपये सुटे परत मिळाले तरी तो पावती मागतो, शक्यतो वेळ छापलेली. ही सवय ब्रेव्हेची. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या सफरींत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत संपवायचे असतात. वाटेत ठिकठिकाणी आपण खरोखर पोहोचलो होतो याचा पुरावा द्यावा लागतो. आज ब्रेव्हे नाही, आजचा पुरावा कोणीही मागणार नाही, पण हात पुढे होतो. टपरीवाल्याने आयुष्यात पावती फाडलेली नसते. तो बिस्किटाच्या पुड्याचा कागद देतो.

पोलादपूरनंतर रस्ता काही काळ सावित्रीच्या सोबतीने जातो. नदी महाबळेश्वरहून खाली येते, हा तिकडेच वर निघालेला. नदीला कोणी कारण विचारत नाही. याला प्रत्येक वाडीवर विचारतात.

“कुठं चाललाव?”

“महाबळेश्वर.”

“सायकलीनं? येष्टी चुकली काय?”

पुढचा प्रश्न किमतीचा. घाटसायकलस्वार खरी किंमत कुठेच सांगत नाही. घरी तो निम्मी सांगतो, वाडीवर एक शून्य गाळून. पंधरा हजार ऐकून कट्ट्यावरचे आजोबा उठून सायकलीला एक फेरी मारतात. घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, टेकवायला स्टँडसुद्धा नाही. “फसवलं तुम्हाला,” असा निकाल देऊन ते परत बसतात. हा निकाल त्याच्या मनात पुढची तीन वळणे घोळत राहतो, कारण त्याला उत्तर देण्यासाठी खरी किंमत सांगावी लागली असती.

घाटाचा चढ खरे तर सौम्य आहे. या रस्त्याला इंग्रजी अमदानीत फिट्झजेराल्ड घाट म्हणत. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे ते नाव. चाकाची गाडी चढली पाहिजे या हिशेबाने तो आखला आहे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, आणि पोलादपूरपासूनची सरासरी काढली तर शंभर मीटर पुढे जाताना साडेतीन मीटरदेखील वर जावे लागत नाही. हा आकडा त्याला पाठ असतो. पाय मात्र सरासरीवर चालत नाहीत. ते प्रत्येक वळणाचा वेगळा हिशेब मागतात. याच डोंगरांत, वरून पारकडे उतरणारी एक जुनी वाट रडतोंडीचा घाट म्हणून ओळखली जाते. १६५९ साली अफजलखानाचे सैन्य त्याच वाटेने पारला आले. नाव वाटेचे की वाटसरूच्या तोंडाचे, हा प्रश्न दहाव्या वळणावर आपोआप सुटतो.

धाप लागून थांबणे याला त्याच्या परिभाषेत ‘फोटो काढणे’ म्हणतात. कठड्याला सायकल टेकवून, कारवीने भरलेला उतार आणि जांभळीची गर्द झाडी पाठीमागे ठेवून, तो सायकलीचा फोटो काढतो. झाडी अंधुक आली तरी चालते, चेन स्पष्ट यावी लागते. माकडे याच वेळेची वाट पाहत असतात. केळी सहाची चार होतात. संथ चढणाऱ्या टेम्पोच्या फळीला हात लावण्याचा मोह प्रत्येकाला एकदा होतोच. लाज आड येत नाही, यंत्र आड येते: ठोके कमी आणि वेग जास्त, ही नोंद मित्रमंडळी संध्याकाळी बरोबर हेरतात.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. गड तो मनातल्या मनात पाहतो, कारण बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकण्याची खीळ असते आणि दगडी पायऱ्यांवर ती घसरते. त्याऐवजी तो पिठलं-भाकरी खातो. इथवर वजनाचा विषय संपलेला असतो. महाबळेश्वरला पोहोचल्यावर तो तिथे जेमतेम पंधरा मिनिटे राहतो. पर्यटक पॉइंट पाहायला येतात, हा आलेला असतो उतरायला.

उताराआधी वर्तमानपत्र विकत घेऊन ते जर्सीच्या आत छातीला लावणे ही युरोपातल्या शर्यतवाल्यांची जुनी युक्ती; गार वारा अडतो. अग्रलेखाचा इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच होतो. खाली येताना ब्रेक दाबून बोटे वळत नाहीत, एसटीचा भोंगा आला की तो साइडपट्टीवर उतरतो, आणि पोलादपूरला शाई गंजिफ्राकवर उमटलेली असते. वाडीवर तेच आजोबा असतात. “गेलंच नाय वाटतं,” असे ते शेजाऱ्याला सांगतात.

महाडला दिवेलागण होते. एसटी स्थानकाजवळ यंत्र ११९.३ दाखवते. आंघोळ, जेवण, झोप सगळे समोर असते, पण एकशे वीस झालेले नसतात. तो स्थानकाच्या परिसराला चकरा मारू लागतो. तिसऱ्या चकरेला रिक्षावाला रिक्षातून मान बाहेर काढून विचारतो, “पत्ता सापडत नाय काय?”