मावशी, तुमचं बेचाळीस!

तुळशीबागेत काय, दादरला काय, दुकानदार टेपला हात न लावता ब्राचं माप सांगतो: "मावशी, बेचाळीस." छातीचा घेर वेगळा, कप वेगळा, हे त्याच्या गावीही नसतं. भार मुख्यतः खालच्या रुंद पट्ट्याने पेलायचा असतो. इथे तो सगळा खांद्यावरच्या दोन सुतळ्यांवर. खांद्यांत खाचा पडतात आणि मावशींना सल्ला मिळतो, वजन कमी करा! हूक पाठीमागेच, कारण डिझाइन करणाऱ्याचा खांदा कधी आखडलेला नसावा. पुढून हूक मागितले, तर "ती बाळंतिणींची हो." (साठीला हेही ऐकायचं.) लेस-नक्षी छत्तिसाला संपते, पुढे पांढरा किंवा मळखाऊ. ट्रायल रूम नाही. घरी नेऊन घालून बघा. पाटी मात्र ठळक: अंतर्वस्त्रे बदलून मिळणार नाहीत.