अंदमानचा तोडगा

भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या प्रतिनिधींचे सरासरी मासिक उत्पन्न २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या एका टिपणातून बाहेर आले आणि अर्थशास्त्राला आजवर न सुचलेला एक सिद्धान्त आपोआप सिद्ध झाला. त्या टिपणानुसार देशातील सुमारे १३ लाख ९० हजार प्रतिनिधींपैकी १ लाख ६१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात होते आणि त्यांची कमाई दरमहा सरासरी १४,९३१ रुपये होती. हिमाचल प्रदेशात ती १०,३२८ रुपये, म्हणजे देशात सर्वांत कमी. आणि सर्वांत जास्त, २०,४४६ रुपये, अंदमान-निकोबारमध्ये, जिथे प्रतिनिधी अवघे २७३ होते. चारी बाजूंनी समुद्र असावा आणि आसपास दुसरा एजंट नसावा, एवढे जमले की या व्यवसायात बरकत येते, हा निष्कर्ष त्यातून काढता येतो. ज्या बेटांवर एकेकाळी सरकार माणसे शिक्षा म्हणून धाडत असे, तिथे आता ती बढती म्हणून धाडावीत, अशा प्रस्तावाला आकडेवारीचा भक्कम आधार मिळेल. अडचण एवढीच की महाराष्ट्राची ही फौज बेटांवर उतरली, की त्याच दिवशी तिथली सरासरीही कोसळेल.

सरासरी म्हणजे सर्वांची कमाई एकत्र करून डोक्यांच्या संख्येने भागलेली रक्कम. तिच्यात गाडीच्या काचेवर परदेशी सन्मानाचे स्टिकर मिरवणारा एजंट असतो, तसाच दरवर्षी मार्चमध्ये करबचतीच्या धास्तीने मेहुण्याला एक पॉलिसी विकून वर्षभर विसावणाराही असतो. तरीही या काल्पनिक सरासरी माणसाला मुंबईत आणून उभे केले, तर त्याच्या हातात दिवसाला पाचशेला दोन कमी इतके रुपये पडतात. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले आहे आणि पेट्रोल शंभरी ओलांडून स्थिरावले आहे. ग्राहकाच्या घरी जाण्याचा खर्च, चहा, फोन आणि नववर्षाची दिनदर्शिका हे सारे मात्र त्याच पाचशेतून भागवायचे असते, कारण प्रतिनिधी हा कर्मचारी नव्हे. महागाई भत्ता, म्हणजे भाववाढीबरोबर वाढणारी वेतनातील रक्कम, कार्यालयात बसणाऱ्याला मिळतो. उन्हातून त्या कार्यालयासाठी धंदा आणणाऱ्याच्या वाट्याला नुसती महागाई येते. कमिशनचा दर डोंबिवलीत आणि गडचिरोलीत एकच असतो, आणि घरभाड्याने त्याची दखल अद्याप घेतलेली नाही.

कमिशनची रचनाही मोठी उद्बोधक आहे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर भरघोस आणि पुढील वर्षांच्या हप्त्यांवर किरकोळ वाटा मिळत असल्यामुळे जुना ग्राहक सांभाळण्यापेक्षा नवा गाठणे फायद्याचे ठरते. एका वर्षानंतर पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम परत मिळावी, असा नियम ऑक्टोबर २०२४ पासून आला, तेव्हा महामंडळाने पारंपरिक योजनांवरील पहिल्या वर्षाचे कमिशन ३५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणले आणि पुढील हप्त्यांवरचे थोडे वाढवले. ग्राहकाचे हित जपल्याचे समाधान सर्वांना मिळाले. त्या समाधानाचा हप्ता कोणी भरला, हे जाहिरातीत छापायचे राहून गेले. तेवढ्यावर भागत नाही. ‘पहिल्या हप्त्यातले किती सोडता?’ हा प्रश्न सुशिक्षित मराठी घरात पोह्यांच्या बशीबरोबरच पुढे येतो. अशी सूट देणे आणि घेणे या दोहोंना १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने बंदी असून दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे, म्हणजे सरासरी प्रतिनिधीची साडेपाच वर्षांहून अधिक काळाची कमाई. ग्राहक तरीही मागतो, कारण शेजाऱ्याला मिळालेली असते. एजंट तरीही देतो, कारण खालच्या मजल्यावर दुसरा एजंट राहतो. अंदमानची महती इथे पुन्हा पटते.

डिसेंबर २०२४ मध्ये पानिपत येथे महामंडळाची महिला प्रतिनिधींसाठीची विमा सखी योजना सुरू झाली (स्थळाची निवड मराठी वाचकाला अस्वस्थ करणारी असली तरी तो योगायोग मानावा). दहावी उत्तीर्ण महिलेला तीत पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळते. वर्षाला २४ पॉलिसी आणाव्यात आणि पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के दुसऱ्या वर्षअखेर चालू असाव्यात, अशी अट आहे. महिलांच्या हाती स्वतःचा पैसा यावा हा हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु गॅस, शाळेची फी आणि तूरडाळ यांनीही तीन वर्षांत याच उतरत्या क्रमाने वागावे, अशी तरतूद योजनेत करायला हवी होती.

राहता राहिला खुद्द प्रतिनिधीचा विमा. कुटुंबाच्या कर्त्या माणसाचे मोल वार्षिक उत्पन्नाच्या निदान दहापट धरावे, असे तो घरोघरी सांगत असतो, आणि त्या हिशेबाने त्याचे स्वतःचे मोल सुमारे १८ लाख रुपये होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने प्रतिनिधींसाठी कल्याणकारी उपाय जाहीर केले, तेव्हा त्यांचे मुदत विमा संरक्षण, म्हणजे मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम, ३,००० ते १०,००० रुपयांवरून २५,००० ते दीड लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. पुढच्याच वर्षी महामंडळाने आपल्या नव्या एन्डोमेंट (बचतीसह विमा) योजनेतील विम्याची किमान रक्कम दोन लाख रुपये केली.