पुढे हलवा

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुधारणा जोरात आहेत. कोनशिलेवर नावांची इतकी दाटी की उपसंचालकांचं आडनाव खालच्या फरशीवर उतरायचं बाकी राहिलंय. खाटा तीस. नियमानुसार सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. तेही आहेत, भिंतीवरच्या तक्त्यात. नावापुढे ‘रिक्त’ लिहिलंय, पण अक्षर मात्र सुरेख.

सोनोग्राफीचं मशिन आलं तेव्हा त्याला हार घातला होता. हार वाळला, प्लास्टिकचं वेष्टण मात्र शाबूत आहे. चालवणारा माणूस मिळेपर्यंत वॉरंटी संपेल, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. काळजी घेतात हो!

15 ऑगस्ट 2023 पासून राज्यातल्या सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. फुकटच्या त्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात, ‘बाहेरून आणा’. सगळ्यात तत्पर सेवा रेफरची. बाळंतीण दारात पोचायच्या आत चिठ्ठी तयार असते: जिल्ह्याला हलवा. 108 ला फोन लावावा, गाडी येतेही. कधीकधी बाळ आधी येतं.

1970 साली जामखेडला काम सुरू केलेल्या डॉक्टर आरोळे दांपत्याने गावच्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून बाळंतपणं सुखरूप पार पाडून दाखवली. आमच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक आहे. ते दोनदा अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले. भत्त्याची बिलं एकही त्रुटी न निघता मंजूर झाली.