सामाईक डिस्कचे हिस्सेदार

डेटास्टोअर काढणं ऐकायला फार सोपं काम आहे. त्यावरची व्हर्च्युअल मशिन्स दुसरीकडे हलवायची, स्क्रिप्ट चालवायची, घरी जायचं. यातलं शेवटचं कलम सोडून बाकी सगळं आमच्या चेंज रिक्वेस्टमध्ये लेखी होतं.

व्हीएमवेअरच्या क्लस्टरमध्ये एकच लन सगळ्या होस्टना दिलेलं असतं. सामाईक म्हटलं की सातबाऱ्याचीच गत: जमीन एक, नावं अकरा, आणि विकायच्या दिवशी बारावा उगवतो. आधी प्रत्येक होस्टवर अनमाउंट, मग डिटॅच, आणि सगळ्यात शेवटी स्टोरेजवाल्याने लन काढायचं. पॉवरसीएलआयची स्क्रिप्ट हे ओळीने करते. आमची स्क्रिप्ट लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला होता, त्यामुळे तिच्यात बदल करायची कोणाची छाती नव्हती.

एका होस्टने उत्तर दिलं, ‘रिसोर्स इन यूज’. कोण वापरतंय? त्यावर मौन. पॉवरशेलचा स्वभाव असा की बहुतेक चुकांवर तो लाल अक्षरांत बोंब मारतो आणि खुशाल पुढच्या ओळीवर जातो. शेवटच्या ओळीत लेखकाने आशावादाने लिहून ठेवलं होतं, ‘डेटास्टोअर यशस्वीरीत्या काढला’. ते तेवढं हिरव्या अक्षरांत उमटलं.

इकडे फोनवर स्टोरेजवाला. “झालं ना? काढू लन?”

“अहो, थांबा!”

अनमाउंट न करता लन ओढलं, तर होस्ट ‘ऑल पाथ्स डाउन’ म्हणत गेलेल्याची वाट पाहतो. १४० सेकंद तर नियमानेच, आणि एखाद्या मशिनचं काम अडकलं असेल तर त्यानंतरही. शिवाय त्या लनची ओळख म्हणजे हेक्साडेसिमल अक्षरांची मालगाडी. शेजारच्या लनशी फरक शेवटच्या डब्यात.

मग हिस्सेदार शोधायला निघालो. एचएने हार्टबीटसाठी हाच डेटास्टोअर परस्पर निवडला होता. हा गृहस्थ अनमाउंटला हरकत घेत नाही, पण त्याला न सांगता गेलात तर चालती मशिन्स रीस्टार्ट होऊ शकतात. एक मशिन नव्या जागी नांदत होतं, पण त्याच्या सीडी ड्राइव्हमध्ये जुन्या जागेवरची आयएसओ फाइल अडकलेली. “रिमूव्ह-डेटास्टोअर कमांड मारू या की,” असं एका उत्साही सहकाऱ्याने सुचवलं. एनएफएस असता तर नुसता सुटला असता; व्हीएमएफएसवर ती कमांड अख्खा डेटास्टोअरच पुसते. त्याला चहा आणायला पाठवलं.

तरीही ‘इन यूज’ जाईना. शेवटी सापडलं एक टेम्पलेट. ‘गेट-व्हीएम’ला टेम्पलेट दिसत नाही, त्याला ‘गेट-टेम्पलेट’ अशी वेगळी हाक मारावी लागते, आणि स्क्रिप्टने ती मारलीच नव्हती. नाव होतं ‘टेस्ट_जुनं_फायनल_२’. मालकाला झोपेतून उठवलं.

“ते? ते कोणी वापरत नाही हो,” तो म्हणाला. “पण असू दे.”

टेम्पलेट नव्या डेटास्टोअरवर हलवलं. तिथून ते काढायची वेळ येईल तेव्हा माझी दुसऱ्या टीममध्ये बदली झालेली असावी, एवढीच प्रार्थना आहे.