बरणीबहाद्दर

बरणीबहाद्दर हा शहरी मध्यमवर्गात आढळणारा, साधारण पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ होय. सॅलडवर घालायचे ड्रेसिंग बाजारातून न आणता घरातल्या जिनसांतूनच करायचे, हे त्याने अंगावर घेतलेले कार्य असते. स्त्रियांतही ही जात आढळते. मात्र त्या ड्रेसिंग करून मोकळ्या होतात, त्यावर बोलत बसत नाहीत, म्हणून अभ्यासाला पुरुष नमुना अधिक सोयीचा. कोथरूड, घोडबंदर रस्ता, नाशिकचा गंगापूर रोड अशा भागांत तो हमखास भेटतो. अमेरिकेतल्या मुलाकडे उन्हाळा काढून आलेला असेल, तर त्याला ओळखण्यासाठी विशेष खटपट करावी लागत नाही. तो स्वतःच सांगतो.

बरणीबहाद्दर जन्माला येत नाही, तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये घडतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडा ५.७ ते ६.४ टक्के यांच्या मध्ये आला की डॉक्टर त्याला मधुमेहाची पूर्वावस्था म्हणतात आणि घरचे लोक ‘बॉर्डर’ म्हणतात. डॉक्टर तीन गोष्टी सांगतात : रोज चाला, तळलेले कमी करा, जेवणाआधी सॅलड खा. पहिलीला पहाटे उठावे लागते आणि दुसरीला मन मारावे लागते, म्हणून तो तिसरी पत्करतो. आठवडाभर काकडी आणि कोबी कोरडेच चावल्यावर आयुष्य वाढण्यापेक्षा लांबल्याची भावना त्याला होते. मग तो मॉलमधून ड्रेसिंगची बाटली आणतो आणि, आयुष्यात प्रथमच, चष्मा पुसून तिच्यावरचे लेबल वाचतो.

ही घटना निर्णायक ठरते. लेबलावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मलईदार ड्रेसिंगच्या बाटलीवर तेल, पाणी आणि साखर बहुधा पहिल्या रांगेतच बसलेली दिसतात. त्यामागे आयएनएस ४१५, आयएनएस २११ असे क्रमांक येतात. पहिला म्हणजे दाटपणा आणणारा झँथन गम, दुसरा म्हणजे टिकाऊपणासाठीचे सोडियम बेंझोएट. दोन्ही ठरलेल्या मर्यादेत वापरायला कायद्याने परवानगी आहे. पण तीस वर्षे फरसाणाच्या पाकिटाची मागची बाजू न पाहिलेल्या माणसाला तो थेट आपल्याविरुद्ध रचलेला कट वाटतो. तो ते लेबल सकाळच्या चहाला सर्वांना वाचून दाखवतो, बाटली पाहुण्यांसाठी बाजूला ठेवतो आणि ‘यापुढे घरचंच’ असे जाहीर करतो.

घरच्या ड्रेसिंगला पाच गोष्टी लागतात : तेल, आंबट, खारट, किंचित गोड आणि हे सगळे एकत्र धरून ठेवणारे काहीतरी. यासाठी तो लग्नानंतर प्रथमच स्वयंपाकघरातली फडताळे उघडतो. ‘अगं, मोहरी कुठे असते?’ या प्रश्नाला ‘पंचवीस वर्षं जिथे आहे तिथेच’ असे उत्तर मिळते. त्यातून स्थळाचा बोध होत नसला तरी परिस्थितीचा होतो.

तेलावरून या जातीचे तीन पंथ पडतात. घाणापंथी हा लाकडी घाण्यावरचे शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा करडईचे तेल वापरतो आणि घाण्यासमोर उभे राहून आपण ते कसे काढून घेतले, हे तेलाआधी वाढतो. ऑलिव्हपंथी गडद काचेच्या बाटलीतले एक्स्ट्रा व्हर्जिन आणतो आणि फोडणीला कोणी हात लावू नये म्हणून ती पुस्तकांच्या कपाटात ठेवतो. दोन्ही पंथ एकमेकांना अडाणी समजतात. वस्तुतः कोणत्याही तेलाच्या एका मोठ्या, म्हणजे १५ मिलिलिटरच्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात; किमतीतला फरक तिथे उमटत नाही. तिसरा तेलत्यागी. तो दही फडक्यात बांधून रात्रभर टांगतो आणि त्या चक्क्यात लिंबू, पुदिना व मिरपूड घालून काम भागवतो. ड्रेसिंग म्हणून हे उत्तम असते. फक्त तो सॅलडात तेलाचा थेंबही पडू देत नाही, आणि गाजर-टोमॅटोतले कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. टांगलेल्या चक्क्याला अजून विलायची आणि साखर दिसली नाही, याचे घरातल्या मुलांना वाईट वाटते.

आंबटाच्या बाबतीत प्रांतभेद जाणवतो. देशावरचा बहाद्दर लिंबू पिळतो किंवा चिंचेचा कोळ घेतो. कोकणातला कोकमाच्या आगळावर हटून बसतो. आगळात मीठ आधीच असते, हे विसरून तो मीठ पुन्हा घालतो आणि त्या दिवशीचे सॅलड ‘चवीला जरा ठळक’ झाल्याचे सांगतो. सफरचंदाचे व्हिनेगर वापरणारा आणखी एक पोटभेद आहे. तो ते ड्रेसिंगमध्ये घालून थांबत नाही, सकाळी उपाशीपोटी पितोही, आणि दातांवरचे कवच झिजू लागले की दंतवैद्याकडेही लेबल वाचत बसतो.

मीठ म्हटले की सैंधव, यावर मात्र सर्व पंथांचे एकमत असते. सैंधव गुलाबी असते, महाग असते आणि खडे करून बरणीत शोभून दिसते. तथापि तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने रक्तदाब त्याला वेगळी वागणूक देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि त्यात लोणचे, पापड, आमटी व बरणी हे सगळे आले. गोडासाठी साखर निषिद्ध. मध, गूळ किंवा खजूर चालतो. मधाच्या चहाच्या चमच्यातही साधारण २० कॅलरी असतात, पण त्या बोलून दाखवणे असंस्कृतपणाचे मानले जाते.

पाचवा घटक मोहरी, आणि इथे मात्र त्याचे ज्ञान खरे असते. तेल आणि आंबट पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. हलवले तर तेवढ्यापुरते एकत्र येतात आणि पाठ फिरली की वेगळे होतात. मोहरीच्या टरफलातला बुळबुळीत पदार्थ तेलाच्या बारीक थेंबांभोवती राहून त्यांना पुन्हा एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणून चिमूटभर मोहरीपूड घातलेले ड्रेसिंग बराच वेळ एकजीव राहते. दाण्याचे बारीक कूट, वाटलेले तीळ आणि दही हेही थोड्याफार फरकाने तेच काम करतात. हे सर्व तो इतक्या आस्थेने सांगतो की ऐकणाऱ्याची काकडी ताटात सुकते.

प्रत्यक्ष कृती रात्रीच्या जेवणाच्या ऐन वेळी, ओटा रिकामा नसताना सुरू होते. जॅमची रिकामी, रुंद तोंडाची बरणी घ्यावी. तीत आधी लिंबाचा रस आणि मीठ घालावे, कारण मीठ तेलात विरघळत नाही. मग मोहरीपूड, मध, मिरपूड आणि शेवटी तेल. फ्रेंच पद्धतीच्या व्हिनेग्रेटमध्ये तेलाचे तीन भाग आणि आंबटाचा एक, असे प्रमाण सांगितले जाते. प्रकृती जपणाऱ्याने निम्मे तेल काढून त्या जागी घोटलेले दही घालावे, दाटपणा टिकतो. यानंतर झाकण लावून बरणी हलवायची असते. या क्रियेत बहाद्दराचे सगळे व्यक्तिमत्त्व उमलून येते. तो पाय फाकवून उभा राहतो, डोळे मिटतो आणि दोन्ही हातांनी बरणी कानाशी नेऊन हलवतो. झाकण आटे चुकून बसलेले असेल तर ड्रेसिंगचा पहिला लाभ कॅलेंडरला होतो. ‘अहो, ती चतुर्थी पुसली गेली,’ एवढीच प्रतिक्रिया पलीकडून येते.

पाने कोरडी करणे हा या विधीचा दुसरा भाग. ओल्या पानावर तेल ठरत नाही, घसरून ताटाच्या तळाशी जमा होते. हे शास्त्रशुद्ध आहे. परदेशात यासाठी जाळीचे फिरते भांडे मिळते. बरणीबहाद्दर धुतलेली पाने जुन्या पंचात बांधतो, गॅलरीत जातो आणि ते गाठोडे गोफणीसारखे गरगरा फिरवतो. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांचा प्रश्न सोसायटीच्या सभेत एकदा तरी येतोच.

त्याची आई जवळ राहत असेल तर ती हे सगळे शांतपणे पाहते आणि पहिला घास घेऊन म्हणते, ‘अरे, ही कोशिंबीरच की.’ या विधानाने तो दुखावतो. दाण्याचे कूट, लिंबू, मीठ, साखर आणि वरून हिंग-जिऱ्याची तेलातली फोडणी म्हणजे पाचही घटक हजर असल्याचे त्याला दाखवून देता येते, पण तो ते मान्य करत नाही. फेसलेली मोहरी लावून रायते करणाऱ्या आईला तो मोहरीचे कार्य पुन्हा पहिल्यापासून समजावतो. काकडी चोचवून ठेवली तरी तिला मीठ अगदी वाढताना लावायचे, नाहीतर पाणी सुटते, हा नियमही तिचाच असतो. बहाद्दराकडे तो एका परदेशी व्हिडिओमार्गे परत आलेला असतो.

साठवणीसाठी फ्रीजच्या दाराचा मधला कप्पा तो ताब्यात घेतो. बरण्यांवर वैद्यकीय चिकटपट्टी लावून तारखा घातलेल्या असतात. लिंबू आणि दह्याचे ड्रेसिंग तीन-चार दिवसांत संपवावे, हे त्याला ठाऊक असते. पण स्वतःच्या हातचे टाकवत नाही, म्हणून तो तारीख पुन्हा लिहितो. लसणाबाबत मात्र हयगय चालत नाही. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर तिथे हवा पोचत नाही आणि बोट्युलिझम नावाची जिवावरची विषबाधा करणारे जंतू वाढू शकतात. वासावरून ते कळेलच असे नाही. अशी बरणी फ्रीजमध्येच ठेवावी आणि दोन-चार दिवसांत संपवावी; बहाद्दराच्या घरात हा नियम पाळला जातो, कारण त्याची बायको तो पाळते.

समाजात वावरताना तो उपदेशक होतो. टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींना तो प्रमाणे सांगतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या सूचनेखाली बरणीचा फोटो टाकतो. पाहुणे जेवायला बसले की सीझर सॅलडचा रोमच्या सीझरशी संबंध नाही, मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात १९२४ च्या सुमारास सीझर कार्दिनी यांच्या उपाहारगृहात ते जन्मले असे मानतात, ही माहिती तो वरण गार होईपर्यंत देतो. लग्नात बुफेच्या टेबलापाशी उभा राहून तो शबनम पिशवीतून छोटी बाटली काढतो आणि काकडी-बीटच्या चकत्यांवर शिंपडतो. नंतर जिलेबीच्या रांगेत तोच पुढे असतो. मात्र तिथे तो लेबल मागत नाही.

या जातीचा खरा दोष तिच्या पाककृतीत नाही, मापात आहे. ‘घरचं आहे’ हे दोन शब्द उच्चारले की कॅलरी आपोआप वजा होतात, अशी त्याची श्रद्धा असते. दोनशे ग्रॅम काकडी-टोमॅटोत जेमतेम ३५ कॅलरी असतात. त्यावर तीनास एक प्रमाणाचे ड्रेसिंग चार मोठे चमचे ओतले तर तीन चमचे तेल पोटात जाते, म्हणजे ३६० कॅलरी. बाजारच्या बाटलीतून तो भीतभीत थेंब पाडत होता. घरच्या बरणीतून ओततो, ताट तिरपे करून तळ पितो आणि वर पोळीने पुसून घेतो. तीन महिन्यांनी रिपोर्टातला आकडा हललेला नसतो. मग तो लॅब बदलतो.

एवढे सोडले तर हा गृहस्थ निरुपद्रवी, किंबहुना उपयुक्त आहे. त्याच्यामुळे घरात कच्ची भाजी येते, पाकिटांची मागची बाजू वाचली जाते आणि मोहरी कुठे असते हे एका पुरुषाला कळते. त्याने सांगितलेला क्रम बरोबर असतो : आधी आंबट आणि मीठ, मग मोहरी, शेवटी तेल, आणि वाढायच्या क्षणी मिसळणे. एका माणसाच्या सॅलडला असे ड्रेसिंग चहाचे दोन चमचे पुरते. त्यात सुमारे ६० कॅलरी येतात आणि चवही येते. तेव्हा बरणी हलवायचे काम खुशाल त्याच्याकडे द्यावे. वाढायचा चमचा मात्र दुसऱ्याच्या हाती असावा.