मार्गे कॅन्सस सिटी

नानांना बास्केटबॉल आवडतो असं म्हणणं तितकंसं खरं नाही. बास्केटबॉल खेळणारी माणसं तर त्यांना जरा अडचणच वाटतात. नानांना आवडतात ते संघ आणि लीगा. कुठला संघ कोणत्या साली निघाला, कुठून कुठे गेला, वाटेत नाव कुठे बदललं, कोणती लीग कोणत्या वर्षी बसली, हे सगळं त्यांना पाठ. चेंडू जाळीत पडला की नाही हा त्यांच्या लेखी किरकोळ तपशील. तो कोणत्या गावाच्या नावावर पडला, ते महत्त्वाचं.

अशा पाठांतराचा एकेक माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या नगर जिल्ह्यात तर ते मुबलक. पण त्यांची बहुतेक ताकद साखर कारखान्यांच्या निवडणुकांवर खर्ची पडते. कुठलं पॅनेल कधी फुटलं आणि कुणाचा चेअरमन किती मतांनी पडला, हे ते झोपेतही सांगतील. नानांची ताकद अमेरिकेवर खर्ची पडली.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माळीवाडा आणि तारकपूर या दोन स्थानकांवर त्यांची सगळी नोकरी गेली. माइकसमोर बसून त्यांनी इतकी वर्षं गाड्या सोडल्या की निवृत्तीनंतर माइक सुटला, सूर सुटला नाही. सॅक्रामेंटो किंग्ज हे नाव निघालं की नाना घसा साफ करतात आणि सुरू होतात, "रॉचेस्टरहून सुटलेली, सत्तावन साली सिनसिनाटी, बहात्तर साली कॅन्सस सिटीमार्गे जाणारी गाडी पंच्याऐंशी साली सॅक्रामेंटोला लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." नोंद घ्यायला आसपास मी आणि चहावाला. चहावाल्याने घेतलेली आहे. त्याला आता सिनसिनाटीच्या आधीचं स्टेशन विचारलं तरी येतं.

तरुणपणी नाना मैदानावर असायचे, पण टेबलापाशी. उंची पाच फूट तीन इंच. कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना गुणलेखनाला बसवलं आणि ते आयुष्यभर तिथेच बसले. संघांच्या नोंदींची त्यांची वही मात्र एसटीतली आहे, लांब, जाड पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची. रकाने असे: अनुक्रमांक, संघ, मूळ आगार, सध्याचे आगार, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने तीनच प्रकारचे शब्द सापडतात: मार्ग बदल, फेरी रद्द, आणि उशिरा धावत आहे. 'बंद' हा शब्द अख्ख्या वहीत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बंद म्हणायचा अधिकार कंट्रोलरला नसतो रे. तो वरून येतो."

नानांचा आणखी एक छंद म्हणजे एनबीएची आणि एसटीची वयं लावणं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती नगर-पुणे. हे नगरचं शेंबडं पोरही सांगेल. पण एनबीएचं मूळ रोप, म्हणजे बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, ६ जून १९४६ला लागलं. "पाच दिवस कमी दोन वर्षांनी थोरली आहे ती," नाना म्हणतात. "पण एनबीए हे नाव तिला एकोणपन्नास साली मिळालं, दुसरी लीग पोटात घेतल्यावर. म्हणजे नावाने बघितलं तर एसटीच थोरली." या निष्कर्षाला यायला त्यांना दोन चहा लागतात आणि ते दोन्ही माझ्या खात्यावर असतात.

सावेडीत गुलमोहर रोडच्या बाजूला पोरं संध्याकाळी खेळतात. त्यात एकजण पिवळ्या जर्सीत होता. नानांनी त्याला हाताने बोलावलं.

"कोणती टीम?"

"लेकर्स, आजोबा."

"मूळ आगार?"

"काय?"

"कुठून सुटली? मिनियापोलिस. तिकडं तळी लय, म्हणून लेकर्स. साठ साली लॉस एंजेलिसला गेली, पाटी तशीच ठेवून. आता तिथं तळं कुठंय, सांग."

पोरगं प्रामाणिक होतं. म्हणालं, "मी भिंगारच्या पुढं नाय गेलो आजोबा."

पाटी न बदलता गाडी हलवणाऱ्यांवर नानांचा विशेष राग. न्यू ऑर्लिन्स म्हणजे जॅझचं गाव, तिथला जॅझ नावाचा संघ १९७९ साली सॉल्ट लेक सिटीला गेला आणि तिथेही जॅझच राहिला. नानांच्या मते ही शिस्तभंगाची केस आहे. उलट २०२४मध्ये आमच्या शहराची पाटी बदलून अहिल्यानगर झालं, तेव्हा गावभर चर्चा चालली होती आणि नाना शांत होते. "गाडी त्याच फलाटावरून सुटती ना? मग झालं."

कुणालाही वाटेल, नानांचं दैवत मायकेल जॉर्डन असणार. छे! नानांचं दैवत डॅनी बियासोन. सिरॅक्यूस गावात याचं बोलिंग खेळायचं दुकान होतं आणि एक बास्केटबॉल संघ होता. त्या काळी पुढे असलेला संघ चेंडू धरून नुसता फिरवत बसायचा. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं, ते याच पद्धतीने. लोक कंटाळून घरी जायला लागले. मग बियासोनने हिशेब मांडला: सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा टोपलीकडे चेंडू टाकतात, भागिले, उत्तर २४. चोवीस सेकंदांत चेंडू टाका, नाहीतर समोरच्याला द्या. १९५४पासून हा नियम लागला आणि खेळ वाचला. हा भागाकार नाना कागदावर करून दाखवतात, दर वेळी नव्याने, आणि २४ आले की पेन टेबलावर ठेवतात. "खेळाडूंनी नाय वाचवला खेळ. वेळापत्रकानं वाचवला."

सॅक्रामेंटो किंग्जवर त्यांचा जीव जडण्याचं कारण मात्र वेगळं. २०१३ साली ती गाडी पुन्हा हलायची वेळ आली होती. सिअ‍ॅटलच्या लोकांशी मालकांचा सौदा ठरल्यासारखाच होता. एनबीएने स्थलांतर फेटाळलं आणि संघ घेतला विवेक रणदिवे यांनी, जन्म मुंबई. आडनाव वाचल्या दिवशी नाना पेढे घेऊन आले. "अरे, रणदिव्यांनी गाडी अडवली!" पुढची कित्येक वर्षं हा संघ प्लेऑफला पोचला नाही. आधीची धरून सलग सोळा हंगाम, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. नगरच्या माणसाला दुष्काळाचं कौतुक सांगू नये. नानांनी सोळाच्या सोळा वर्षं शांतपणे भरली.

ऑक्टोबर २०१९मध्ये तर किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले. एनबीएचे संघ भारतात खेळायची ती पहिली वेळ. पहिला सामना पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला, तोही ओव्हरटाइममध्ये. प्रेक्षक म्हणून शाळकरी पोरं नेली होती. आपल्या घरात त्या वयाचं कुणी नाही याचं दुःख नानांना त्या दिवशी प्रथम झालं. एका गुणाने हरले त्याचं काही नाही. "पहिलीच फेरी आणि उशिरा सुटली. शुभ आहे."

नानी या सगळ्याकडे काम करता करता बघतात. एकदा मात्र त्यांनीही कान दिला होता. गोष्ट पैशाची होती. अमेरिकेत १९६७ ते १९७६ एबीए नावाची दुसरी लीग होती, लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची. ती मोडली तेव्हा तिचे चार संघ एनबीएत गेले. स्पिरिट्स ऑफ सेंट लुइस हा संघ गेला नाही. त्याच्या मालकांनी, सिल्ना बंधूंनी, थोडी रोकड घेतली आणि वर एक कलम लिहून घेतलं: त्या चार संघांना टीव्हीचा जो पैसा मिळेल त्याचा सातवा हिस्सा आम्हाला, कायमचा. तेव्हा टीव्हीचा पैसा चणेफुटाण्याइतका होता. पुढे काय झालं ते सांगायला नको. रद्द झालेल्या गाडीचं भाडं ते दोघे अडतीस वर्षं घेत राहिले आणि शेवटी २०१४ साली एनबीएने पन्नास कोटी डॉलर मोजून त्यातला बहुतेक भाग सोडवून घेतला.

"आणि त्याच साली," नाना म्हणाले, "आमची ईपीएस पंच्याण्णवची किमान पेन्शन वाढली. किती झाली?"

"हजार," नानी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गोळ्या आणि तुमचा रिचार्ज. दोन्हीतलं एकच बसतं."

आता भारतीय भाग. वहीत तो शेवटून सुरू होतो आणि तिथे लाल शाई जास्त आहे. पहिली नोंद २०१०ची. बास्केटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी तीस वर्षांचा करार केला, आता व्यावसायिक लीग येणार म्हणून सगळीकडे छापून आलं. त्या करारातून लीग आली नाही. शेरा: उशिरा धावत आहे. मी म्हटलं, "नाना, अहो ती गेली." ते म्हणाले, "तीस वर्षं म्हणजे दोन हजार चाळीस. अजून वेळ आहे."

मग २०१५मध्ये युबीए आली. आठ संघ, त्यात मुंबई चॅलेंजर्स, चेन्नई स्लॅम, हरयाणा गोल्ड आणि, हे नाना छातीवर हात ठेवून सांगतात, पुणे पेशवाज. पुणे म्हणजे एकशेवीस किलोमीटर. याहून जवळचा व्यावसायिक संघ त्यांच्या हयातीत झालेला नाही. अडचण एकच, या लीगला महासंघाची मान्यता नव्हती. नानांच्या भाषेत हे वडाप झालं. एसटीच्या माणसाने वडापात बसायचं नसतं. नाना दोन वर्षं पेशवाजचे सामने दार लोटून बघायचे. २०१७पर्यंत चार हंगाम होऊन ती थांबली. त्यातल्या दिल्लीच्या संघाचं नाव दिल्ली कॅपिटल्स होतं. २०१८च्या डिसेंबरात आयपीएलच्या दिल्ली डेअरडेव्हिल्सनी तेच नाव घेतलं, त्या दिवशी नाना जेवले नाहीत. "पाटी चोरली रे!"

२०१८ची थ्रीबीएल तीन-तीन खेळाडूंची. अर्धं मैदान, एकच टोपली, दहा मिनिटं. जागतिक संघटनेची मान्यता होती, पण नानांचा तोंडी शेरा: हाफ तिकीट. २०२२मध्ये महासंघाने स्वतःची आयएनबीएल सुरू केली, सहा संघ, त्यात मुंबई टायटन्स. पुण्याचं नाव नाही. २०२५च्या सुरुवातीला आयएनबीएल प्रो आली, तिचे सगळे सामने दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये. सहा ठिकाणांची नावं आणि सगळ्या गाड्या एकाच डेपोत लावलेल्या, हे चित्र नानांना पटत नाही.

त्यांना कुणी म्हणालं की प्रो कबड्डी बघा, २०१४पासून चालू आहे, पुणेरी पलटण आहे, तर ते चष्मा पुसतात. त्यांचं म्हणणं असं की या देशात बास्केटबॉलची लीग फक्त एकच टिकली, ती नोकरीची. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादलं. पोरं तिथे लागतात, खेळतात आणि पगार घेतात. मला वाटतं, नानांच्या सगळ्या वहीत खरी गोष्ट ही एकच आहे. पण तिच्यातूनही त्यांनी दुखणं काढलंच. "केरळच्या वीज मंडळाची टीम आहे, नॅशनल खेळणाऱ्या पोरींची. वीज मंडळाची! मग एसटीला काय धाड भरली होती?" पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली तेव्हा नानांनी तिला वहीत घेतलं. खेळाडूची नोंद म्हणून तेवढी एकच. आगाराचा रकाना कोरा.

निवृत्तीनंतर नाना स्वतःच्या लीगला लागले आहेत. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, तालुके चौदा, म्हणजे संघ चौदा. पुरस्कर्ते कारखाने. इथे पहिली खोट निघाली. गळीत हंगामात कारखान्यात कुणाला वेळ नसतो आणि हंगाम संपला की पैसे नसतात. त्यावर नानांनी सामने दिवाळीच्या आधी घेतले. वेळापत्रक तयार आहे, चौदा पानं, कुठला संघ कुठल्या गाडीने येणार आणि कुठल्या गाडीने परत जाणार इथपर्यंत. अकोले तालुक्यातली पोरं जामखेडला खेळायला गेली तर वाटेत नगरला बदली गाडी कोणती, तेही आहे. खेळाडू, मैदान आणि चेंडू हे तीन रकाने नंतर भरायचे आहेत.

मी पानं चाळत होतो. नियमांच्या पानावर लिहिलेलं दिसलं: बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना एकेक गुण.

"नाना, बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. ओव्हरटाइम घ्यावा लागतो."

"माहितीये."

"मग?"

"अकोल्याची शेवटची गाडी चुकती ओव्हरटाइममध्ये," नाना म्हणाले. "मुक्कामाचा भत्ता तू देणार का?"